चिमणीला सावलीत फिरवा

सुरवसे बाईंच्या वर्गात शनिवारच्या शेवटच्या तासाला दप्तरं बंद असत. सकाळची शाळा, पोटात भूक, बाहेर ऊन चढत चाललेलं. अशा वेळी बाई टेबलावर कोपर टेकून एकच प्रश्न विचारायच्या, "हं, या आठवड्यात कुणाचं काय फसलं?"

मग भराभर हात वर होत. एकाने आजोबांचं घड्याळ उघडलेलं असे आणि परत बसवताना दोन चाकं हातात उरलेली असत. एकीने अपूर्णांकांच्या भागाकारात भलताच अंक उलटा केलेला असे. फसलेल्याने उभं राहून सगळं सांगायचं, वर्गाने टाळ्या वाजवायच्या आणि बाईंनी विचारायचं, "मग त्यातून कळलं काय?" बार्शीबाहेरच्या माळावरच्या त्या शाळेत हा तास इतका मुरला होता, की बाजारात भेटलेल्या जुन्या विद्यार्थिनी कडेवरचं पोर सावरत आपणहून सांगायच्या, "बाई, या आठवड्यात माझं जावेशी बोलणं फसलं बघा!"

हा तास बंद पडला तो 'उभारी' आल्यावर. कुणी बंद केला नाही. तो आपोआप बंद पडला.

उभारी म्हणजे कपाळावर बांधायची बोटभर रुंदीची मऊ पट्टी. माणूस चुकला की त्याच्या मेंदूत, कपाळामागे, एक छोटी विद्युतलहर उठते. 'चुकलं' हा शब्द मनात यायच्या आधीच ती उठून गेलेली असते. शास्त्रज्ञांनी तिला नाव दिलं चूकलहर. ही लहर टोचते. वारंवार टोचली की मूल पुढच्या गणिताला हात घालतानाच बिचकतं, एखादीच वाट चाचपून बघतं आणि पेन खाली ठेवतं. पुष्कळदा त्याला येत नसतं असं नाही. मागच्या वेळी आलं नव्हतं, एवढंच त्याला आठवत असतं. उभारी ती लहर उठताक्षणी ओळखायची आणि हलक्या विद्युतस्पर्शाने तिला निजवायची. उत्तर बरोबर आलं, की उलट त्या आनंदाला थोडी ऊब द्यायची. बास, एवढंच.

आणि ते कामाला आलं, हे बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. फळ्याजवळ बोलावलं की थरथरणारा विराज ताकभाते वर्षभरात वर्गात पहिला आला. गणिताच्या तासाला कुणाचं पोट दुखेनासं झालं. शनिवारी बाईंनी विचारलं, "कुणाचं काय फसलं?" तर वर्ग प्रसन्नपणे म्हणाला, "काहीच नाही, बाई!" पुढच्या शनिवारीही तेच. बाईंना वाटलं, चला, पोरांचं भलं झालं. त्या तासाला त्या गाणी घेऊ लागल्या.

एकच मूल बिनपट्टीचं होतं. रिदा तांबोळी.

रिदाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्या उजव्या कानामागे कातडीखाली एक छोटं यंत्र बसवलेलं होतं आणि वरून चुंबकाने चिकटणारी रुपयाएवढी चकती. त्यावर ती छान ऐकायची, पण या यंत्राचं आणि उभारीचं जमत नव्हतं. दोन्ही एकाच डोक्यावर नकोत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे रिदा चुकायची, आणि चूक तिला टोचायची. वर्ग हसला की ती शांतपणे कानामागची चकती काढून मुठीत धरायची आणि आपल्या नीरव जगात बसून राहायची.

"बाई, माझं ठरलंय," एका दुपारी तिचे वडील हारूनभाई शाळेत येऊन म्हणाले. ते लग्नाचे मंडप घालत. "पुण्याला नवीन यंत्र निघालंय. जुनं काढायचं, ते बसवायचं, की पट्टी चालती म्हणतेत. पुढच्या महिन्यात ऑपरेशन."

"पण हारूनभाई, चांगलं चाललेलं यंत्र काढायचं? पुन्हा डोक्याला चिरा?"

"मला काय हौस हाय का, बाई?" ते खुर्चीत अवघडून बसले. "बाकीची पोरं हसत घरी जातेत. ही रोज येऊन म्हणती, अब्बा, मी ढ आहे. साऱ्या गावाला मी सावली करतो आणि माझ्या पोरीच्या डोक्यावर एवढीशी पट्टी घालता येईना मला."

 खरं तर बाईंनाही तेच वाटत होतं.

त्याच सुमारास चिमणी अडकली.

चिमणी हा शाळेचा उपग्रह. त्या काळात एका मोठ्या यानाच्या पोटातून अनेक शाळांचे उपग्रह एकदम वर जात. त्यातच आंब्याच्या छोट्या पेटीएवढी ही चिमणी होती. तिची वाट अशी आखलेली, की ती सतत दिवस आणि रात्र यांच्या शिवेवरूनच फिरायची. तिला ऊन कायम मिळे आणि बार्शीवरून ती जायची ती नेमकी उजाडताना आणि मावळताना. त्या वेळी सावल्या लांब पडतात. बांधाच्या सावलीच्या लांबीवरून तालुक्यातल्या तळ्यांत पाणी किती उरलं ते तिने सांगायचं होतं. मुलांनी दोन वर्षं खपून ती बनवली होती.

तिचा पंख म्हणजे वीज बनवणारी पातळ फिल्म, साडीच्या निऱ्यांसारखी चुण्या घालून पेटीत बसवलेली. वर गेल्यावर चार कोपऱ्यांच्या लवचीक पट्ट्यांनी ती उघडायची होती. तीन कोपरे सुटले. चौथा एका खाचेत अडकला. अर्धवट पंखावर बनणारी वीज चिमणीला पुरत नव्हती आणि बॅटरी रोज थोडी थोडी उतरत होती. ती संपली की चिमणी कायमची मुकी.

मुलं मुळीच घाबरली नाहीत. चाचणीच्या वेळी एकदा असाच कोपरा अडला होता, तेव्हा पंख उन्हाकडे धरून पेटीला झटका दिला आणि तो सुटला होता. आताही त्यांनी गच्चीवरच्या अँटेनातून तोच हुकूम पाठवला. उन्हाकडे फीर, झटका दे. चिमणी फिरली, तिने झटका दिला, कोपरा तसाच.

"होईल की!" विराज म्हणाला. "संध्याकाळी परत."

संध्याकाळी परत तेच. सकाळी परत तेच. प्रत्येक वेळी विराजच्या चेहऱ्यावर तेच हसू, पहिल्यांदाच करून बघत असल्यासारखं. "बाई, उन्हाकडे फिरवून झटका दिला तर?" असं तो एके दिवशी इतक्या उत्साहाने म्हणाला, की बाईंच्या अंगावर काटा आला.

"विराज, काल काय केलं होतं आपण?"

"काल?" तो आठवू लागला. "काहीतरी केलं होतं, बाई. पण हे नक्की चालेल. मागं चाललं होतं ना."

त्या दिवशी सगळे पांगल्यावर बाई प्रयोगशाळेत थांबल्या. तिथे चिमणीची जुळी बहीण दोऱ्यांनी टांगलेली होती; वर जे होतं ते खाली करून बघण्यासाठी हुबेहूब बनवलेली. तिच्यासमोर रिदा एकटीच उभी होती. मुठीत चकती. म्हणजे तिला काही ऐकू येत नव्हतं. बाईंनी तिच्या खांद्याला हात लावला, तशी तिने दचकून चकती कानामागे बसवली.

"काय बघतेस गं?"

"काही नाही, बाई."

"काहीतरी बघतेस."

"माझं चुकीचं असेल."

बाईंनी तिला जोर केला नाही. बिचकलेल्या पोराला आधी मोठं कोडं देऊ नये, हे त्यांना पट्टीच्या आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी जुळ्या चिमणीचा एक कोपरा मुद्दाम खाचेत अडकवला आणि म्हणाल्या, "ते वरचं राहू दे. हा एवढा कोपरा हाताने सोडवून दाखव. ओढायचा मात्र नाही, फाटेल."

रिदाने वाकून बघितलं. बोटाने कोपरा बाहेर ढकलला. तो आणखी रुतला. मग तिने उलट केलं. उघडलेला पंख हलकेच आत, पेटीच्या दिशेने दाबला. चुणी परत पडली, कोपरा सैल झाला आणि खाचेतून अलगद निसटला.

"वा! कसं सुचलं?"

"अब्बांचा पडदा खिळ्याला अडकला की असंच करतात. आधी मागं घ्यायचा." रिदाच्या तोंडावर जरासं हसू आलं. आणि मग, ते हसू असतानाच, ती बोलली. "बाई, वर हात कसा घालणार? पण... तो थंड केला तर आपणच मागं येईल."

"थंड?"

"मागं बनवताना आमचं फसलं होतं ना! मला वाटलं, थंडीनं फिल्म ताठ होईल आणि टक्कन उघडेल. म्हणून अब्बांच्या एका लग्नातल्या कुल्फीच्या पेटीत बर्फात ठेवली. तर उघडायची सोडून लाजाळूच्या पानासारखी मिटत गेली. सगळे किती हसले! विराज तर खाली लोळला हसून."

बाईंनी दप्तर घ्यायला परत आलेल्या विराजला हाक मारली. "विराज, कुल्फीच्या पेटीतला प्रयोग आठवतो?"

"कसली कुल्फी?" विराजने निरागसपणे विचारलं. "आहे का, बाई?"

"अरे, तूच पेटी धरली होतीस!" रिदा म्हणाली. "तुझी बोटं बधिर झाली होती."

विराज हसला. त्याला खरंच काही आठवत नव्हतं.

बाई स्टुलावर बसल्या. आता त्यांना सगळं कळलं. चूकलहर दोन कामं करत होती. ती टोचत होती, हे सर्वांना दिसलं. पण ती टोचते म्हणूनच ती वाट लक्षात राहते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. फसलेल्या वाटेवर मेंदू जी पाटी रोवतो, ती रोवणारा हातोडा म्हणजे ही लहर. पट्टीने दुखणं निजवलं, पण त्यासोबत पाटीही गेली. उरल्या त्या यशाच्या वाटा, ऊब देऊन देऊन रुंद केलेल्या. पोरं त्यावरूनच पळत होती, हसत हसत, भिंतीवर आपटेपर्यंत, आणि आपटल्यावर परत पहिल्यापासून. शनिवारच्या तासाला "काहीच नाही, बाई" असं जे उत्तर येत होतं, ते पोरांचं फसत नव्हतं म्हणून येत नव्हतं. त्यांना फसलेलं आठवत नव्हतं.

आणि रिदाकडे त्या सगळ्या पाट्या होत्या. फक्त त्या वाचून दाखवायचा धीर नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाई मुख्याध्यापक निंबाळकर सरांसमोर उभ्या राहिल्या. "सर, चिमणीच्या गटाच्या पट्ट्या काढायच्यात. पालकांना मी विचारलंय."

"सुरवसे बाई, निकाल बघा आपला! पट्टी काढली आणि पोरं खचली तर?"

"थोडी खचतील, सर. मी आहे तिथं."

"आणि ती पंख सावलीत नेऊन गार करायची कल्पना? बॅटरी संपत आलेली असताना उन्हाकडे पाठ करायची? म्हणजे उरलीसुरली वीजसुद्धा बंद. नाही सुटला कोपरा, तर चिमणी त्याच दिवशी गेली."

"उन्हात ठेवली तर चार दिवसांनी जाईल. एवढाच फरक आहे."

 सर पेपरवेट बाजूला सारत म्हणाले, "आधी जुळीवर करून दाखवा."

पट्ट्या निघाल्या. हारूनभाईंनी आपली सगळ्यात मोठी बर्फाची पेटी टेम्पोतून आणून दिली आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे राहिले. चिमणीची जुळी दोऱ्यांवर टांगूनच पेटीत उतरवली. फिल्म दोन थरांची होती. थंडीत एक थर जास्त आकसतो आणि उन्हात वाळणाऱ्या पापडासारखी ती एका अंगाला वळते. सगळे वाकून बघत होते. ती वळली, पण कोपरा सुटला नाही.

पुन्हा केलं. पुन्हा नाही.

विराज एकदम मागे सरला.  दोन वर्षांत त्याला काही टोचलंच नव्हतं; आता एकदम टोचलं आणि तो भिंतीला टेकून ढसाढसा रडू लागला. "मला नाही येत. पट्टी द्या माझी. बाई, मला पट्टी द्या!"

बाई त्याच्याकडे निघाल्या, पण त्यांच्या आधी रिदा पोचली.

"रडून घे," ती सराईतासारखी म्हणाली. "थोडा वेळ लागतो. पोटात गोळा येतो ना? तो जातो. मग ना, काय फसलं ते नीट दिसायला लागतं."

"खरं?" विराजने बाहीला नाक पुसलं.

"माझा तर रोज जातो. मी चकती काढून बसते. तू डोळे मिटून बस."

बाई होत्या तिथेच थांबल्या. इतकी वर्षं शिकवूनही हा धडा त्यांना यापेक्षा सोपा करून सांगता आला नसता. ज्या पोरीची त्यांनी कीव केली होती, ती वर्गातल्या पहिल्या पोराला हरायला शिकवत होती.  कोपऱ्यात हारूनभाई पेटीच्या कडीशी उगाचच चाळा करत होते.

थोड्या वेळाने विराज लाल डोळ्यांनी परत आला आणि पेटीत वाकून बघू लागला. "रिदा, हे बघ. ती सगळी एकदम वळते. म्हणून कोपरा पंखाबरोबरच जातो. अडकलेली बाजू आधी वळायला पाहिजे."

"म्हणजे सावली आधी त्या कोपऱ्यावर पडली पाहिजे!" रिदा ओरडली. "आणि मग बाकीच्यावर. चिमणी तिरकी फिरवायची, हळूहळू!"

त्यांनी पेटीत बर्फ एकाच बाजूला रचला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग फिल्मचा तो कोपरा सुस्तावल्यासारखा आत मुडपला, खाचेतून बाहेर आला आणि दोऱ्यांवर टांगलेली जुळी हलकेच डोलली.  

त्या संध्याकाळी सूर्य टेकत असताना चिमणी बार्शीवर आली. गच्चीवर सगळी शाळा जमली होती. हुकूम रिदाने पाठवायचा असं विराजने परस्पर ठरवून टाकलं होतं. पाठ उन्हाकडे, पंख तिच्याच अंगाच्या सावलीत, अडकलेला कोपरा आधी. मग गार झाली की हळूहळू परत उन्हाकडे. रिदाने बटण दाबण्याआधी बाईंकडे बघितलं.

"बाई, फसलं तर?"

"तर शनिवारी सांगशील," बाई म्हणाल्या. "मी पहिली टाळी वाजवीन."

चिमणी क्षितिजाखाली गेली. आता सकाळपर्यंत ती बोलणार नव्हती.

सकाळी उजाडताना गच्चीवर आदल्या दिवसापेक्षाही जास्त माणसं होती. वेळ झाली. स्पीकरमधून नुसती खरखर येत होती. निंबाळकर सरांनी मान खाली घातली. रिदाचा हात कानामागच्या चकतीकडे गेला. ती काढणारच होती, तेवढ्यात तिने तो थांबवला.

"आली," ती म्हणाली.

खरखरीतून बारीकसा चिवचिवाट निघाला. मुलांनीच चिमणीला दिलेला आवाज. मग पडद्यावर आकडे उमटले. बॅटरी चढत होती. चारही कोपरे मोकळे होते.

त्यानंतर काय गलका झाला ते माळावरच्या शेळ्यांना विचारावं. विराजने रिदाला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला आणि दोघंही पडले. निंबाळकर सर ज्याला त्याला "आमची रिदा, आमची रिदा" असं सांगत सुटले. हारूनभाई एका बाजूला उभे राहून डोळे पुसत होते. रिदा त्यांच्याकडे धावत गेली.

"अब्बा, पुण्याला नको जायला."

"अगं, पण पट्टी—"

"मला नको ती. मला सगळं आठवू दे."

हारूनभाईंनी बाईंकडे बघितलं.  हे उत्तर बाईंनी द्यायचं नव्हतं, आणि ते ज्याचं त्याने दिलंही होतं. हारूनभाईंनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं. राहू दे मग."

पट्ट्या पुढे एकदम बंद झाल्या नाहीत, आणि बाईंनाही तसं नको होतं. फार घाबरलेल्या पोराला सुरुवातीला चार दिवस त्या कामाला येत. नंतर काढून ठेवायच्या, असं शाळेत ठरलं. दुसऱ्या शाळांतून शिक्षक बघायला येऊ लागले. आणि शनिवारचा शेवटचा तास पुन्हा सुरू झाला.

अशाच एका शनिवारी चिमणीने तळ्याचा पहिला फोटो पाठवला. अख्खा वर्ग पडद्याभोवती गोळा झाला. फोटो पार धूसर होता. तळं कुठलं आणि बांध कुठला, काही कळेना.

"सोपंय, बाई," रिदा लगेच म्हणाली. "कॅमेरा थंड करूया. चिमणीला सावलीत फिरवा, की झालं!"

 मग विराज बाकावर चढला. "बाई! हिला पट्टी न लावताच उभारी लागली!"

वर्ग हास्यात बुडाला. बाईंनाही हसू आवरेना. एवढी हुशार पोर, पण एका यशाची वाट तिच्याही पायाखाली किती पटकन रुंद झाली!

रिदा लाल झाली. तिचा हात कानामागे गेला. बाई बघत राहिल्या. रिदाने चकती काढली नाही; ती बोटाने दाबून नीट घट्ट बसवली, सगळं हसणं पुरतं ऐकून घेतलं, आणि मग स्वतःही खो खो हसत सुटली.

"थांबा, थांबा," ती डोळे पुसत म्हणाली. "या आठवड्यात माझं हे फसलं. वाजवा टाळ्या!"

पहिली टाळी बाईंनी वाजवली.